सीडी१९ नंतर काय? जैवतंत्रज्ञान विभागाला एक खुले पत्र

प्रति,
सचिव, जैवतंत्रज्ञान विभाग, भारत सरकार
तसेच बायरॅकच्या (जैवतंत्रज्ञान संशोधनाला निधी देणाऱ्या विभागाच्या संस्थेच्या) निवड समित्यांचे सर्व सदस्य

विषय : तोंडाच्या कर्करोगासाठी नव्या रिसेप्टरांच्या संशोधनाला स्वतंत्र निधी मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी पश्चिम महाराष्ट्रात जिल्ह्याच्या ठिकाणी पॅथॉलॉजिस्ट आहे. माझ्या टेबलावर येणाऱ्या बायोप्सींमध्ये तोंडाच्या कर्करोगाचा वाटा मोठा असतो. गालाच्या आतून, खालच्या हिरडीच्या कडेवरून, म्हणजे तंबाखूची गोळी किंवा मावा जिथे तासन्‌तास धरून ठेवतात नेमक्या त्या जागेवरून काढलेले तुकडे. रिपोर्टवर सही करताना पुढचे सगळे दिसत असते : जबड्याचा भाग काढणारे कमांडो ऑपरेशन, छातीचे किंवा पायाचे मांस लावून बुजवलेला गाल, मग रेडिएशन, आणि कितीतरी जणांत वर्षा-दोन वर्षांत पुन्हा उठलेली गाठ. या परत आलेल्या गाठीसाठी आज आपल्या हातात फार थोडे उरते. हे पत्र त्या रुग्णांसाठी लिहिते आहे.

मागणी आधीच सांगते. कार-टी, म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी (शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी) बदलून कर्करोगावर सोडण्याच्या उपचारांच्या पुढच्या टप्प्यासाठी विभाग जो पैसा देणार आहे, त्यातला एक स्वतंत्र हिस्सा तोंडाच्या कर्करोगासाठी राखून ठेवा. तो अशा रिसेप्टरांच्या (टी-पेशीत बसवलेल्या, कर्करोगाच्या पेशीवरची खूण ओळखणाऱ्या प्रथिनांच्या) रचनेवर खर्च व्हावा, जे एका खुणेवर विसंबून न राहता दोन-तीन खुणा तपासून मगच हल्ला करतील आणि गरज पडली तर बाहेरून थांबवता येतील. हे काम दुसरा कोणता देश आपल्यासाठी करून देईल अशी चिन्हे नाहीत. का ते पुढे येईलच.

त्याआधी जे झाले त्याबद्दल मनापासून कृतज्ञता. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या चमूला राष्ट्रीय बायोफार्मा मिशनमधून आपण १९.१५ कोटी रुपये दिलेत. जून २०२१ मध्ये खारघरच्या अॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्याच संशोधन केंद्रात भारतातली पहिली कार-टी चिकित्सा झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच चमूच्या नेक्सकार-१९ या रक्ताच्या कर्करोगावरच्या कार-टीला औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवईत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ती देशाला अर्पण झाली. या चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी'त आले, तेव्हा सुमारे ७३ टक्के रुग्णांमध्ये प्रतिसाद दिसला होता. ज्यांच्यावरचे नेहमीचे उपचार संपले होते, अशांमधला हा आकडा आहे. अमेरिकेत २०१७ साली पहिली कार-टी बाजारात आली ती ४ लाख ७५ हजार डॉलरना. आपल्याकडे तीच गोष्ट ३० ते ४० लाख रुपयांच्या घरात आली. सरकारी पैसा, सरकारी संस्था आणि सार्वजनिक रुग्णालय एकत्र आले की काय होते याचे हे उदाहरण आहे, आणि माझा पुढचा सगळा आग्रह याच भरवशावर उभा आहे.

पण नेक्सकार-१९ ज्या खुणेवर चालते ती सीडी१९ ही खूण म्हणजे वैद्यकाला लागलेले घबाड होते, हे आपल्या समित्यांनी नजरेआड करू नये. कार-टीमध्ये रुग्णाच्याच टी-पेशी रक्तातून वेगळ्या काढतात आणि निष्प्रभ केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात एक नवा रिसेप्टर बसवतात. त्याचे बाहेरचे टोक अँटिबॉडीचे असते, ते खूण ओळखते. आतले टोक टी-पेशीला 'मार' असा हुकूम देते. सीडी१९ ही खूण बी-पेशींच्या (शरीरात अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) ल्युकेमिया-लिम्फोमा या कर्करोगांवर असते, तशी निरोगी बी-पेशींवरही असते. म्हणजे हा रिसेप्टर रोगी आणि निरोगी असा भेद मुळात करतच नाही, दोन्ही मारतो. तरी रुग्ण जगतो, कारण बी-पेशींवाचून माणसाचे चालू शकते. संसर्ग सांभाळावे लागतात, काहींना इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडी द्याव्या लागतात, एवढेच. गालाच्या अस्तरावाचून, फुफ्फुसावाचून, कातडीवाचून कोणाचे चालत नाही.

हे मला रोज सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. तोंडाच्या गाठीचा सेक्शन ईजीएफआर या प्रथिनासाठी रंगवला की कर्करोगाच्या पेशींभोवती तपकिरी कडी उमटतात, ठळक आणि सुरेख. वाटते, सापडली खूण. मग स्लाइड थोडी सरकवायची, गाठीच्या कडेला जिथे निरोगी अस्तर सुरू होते तिथे. त्या अस्तराच्या सर्वांत खालच्या थरातल्या पेशीही तपकिरी असतात. रंग फिका असेल, पण असतो. टी-पेशीला फिका रंगही पुरतो. आता पुन्हा गाठीकडे या. एका पुंजक्यात कडी गडद आहेत, शेजारच्या पुंजक्यात जवळपास नाहीत. तेव्हा एकाच खुणेवर सोडलेली टी-पेशी निरोगी अस्तरालाही धरणार आणि गाठीचा एक भाग तसाच सोडून देणार. दोन्ही बाजूंनी नुकसान.

फिका रंग पुरतो हे मी अंदाजाने लिहीत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या विभागात मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरलेल्या एका स्त्रीला हर-२ हे पेशीवरचे प्रथिन ओळखणाऱ्या टी-पेशी दिल्या गेल्या. १५ मिनिटांत तिला श्वास घेता येईना आणि पाच दिवसांनी ती गेली. फुफ्फुसाच्या अस्तरावर हर-२ अगदी थोड्या प्रमाणात असते. टी-पेशींनी ते ओळखले. २०१० साली त्या डॉक्टरांनी हे सगळे प्रसिद्ध केले, हे त्यांचे मोठेपण. ठोस गाठींसाठी कार-टी मागणाऱ्या प्रत्येक प्रस्तावासोबत समितीने तो लेख वाचावा असे मला वाटते.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये जॉन माहेर यांच्या गटाने डोके-मानेच्या कर्करोगात ईजीएफआर आणि त्याच्या भावंडांना ओळखणाऱ्या टी-पेशी वापरल्या, पण शिरेतून सोडल्या नाहीत, थेट गाठीत टोचल्या. सावधपणाचा मार्ग, आणि तो सुरक्षित ठरला. मात्र यकृतात किंवा फुफ्फुसात जाऊन बसलेल्या रोगापर्यंत अशी सुई पोचवायची कशी?

उत्तर रिसेप्टरच्या रचनेतच शोधावे लागेल, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत ते शोधले जात आहे. बँकेचा लॉकर बँकेची आणि खातेदाराची अशा दोन किल्ल्या लागल्याशिवाय उघडत नाही. टी-पेशीलाही तशी अट घालता येते हे आता प्रयोगांनी दाखवले आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात वेंडेल लिम यांच्या प्रयोगशाळेने २०१६ मध्ये सिननॉच नावाचा रिसेप्टर मांडला. त्याचा आधार नॉच हे आपल्या सर्वांच्या पेशींत असलेले प्रथिन. शेजारच्या पेशीवरची जोडीदार खूण पकडली की नॉचचा आतला तुकडा कापला जातो, पेशीच्या केंद्रकात जातो आणि तिथली जनुके चालू करतो. लिम यांच्या गटाने कापले जाण्याची ही मधली यंत्रणा ठेवली आणि दोन्ही टोके बदलली : बाहेर हवी ती अँटिबॉडी, आत हवे ते जनुक चालू करणारे प्रथिन. आता असे करता येते की पहिली खूण दिसल्याखेरीज टी-पेशीत मारणारा कार रिसेप्टर तयारच होत नाही. पहिली खूण जागा पटवते, दुसरी खूण मारण्याचा हुकूम देते.

२०२१ मध्ये याच विद्यापीठातल्या संशोधकांनी मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमावर ही रीत उंदरांमध्ये वापरली. त्या गाठीत ईजीएफआरचे एक विकृत रूप काही पेशींवर असते, काहींवर नसते. निरोगी पेशींवर मात्र नसतेच. त्यांनी ते पहिल्या किल्लीसाठी घेतले. ते भेटले की टी-पेशी त्या परिसरात दुसऱ्या दोन खुणांवर मारू लागते, आणि त्या खुणा गाठीतल्या जवळपास सगळ्या पेशींवर असतात. म्हणजे मघाशी सांगितलेल्या फिक्या पुंजक्यांचा प्रश्न इथे सुटू लागतो. ही पद्धत तिथे आता माणसांवरच्या चाचणीपर्यंत आली आहे.

उलटी अटही घालता येते. २०१३ मध्ये न्यूयॉर्कला मिशेल सादलेन यांच्या गटाने 'ही खूण दिसली तर मारू नकोस' असे सांगणारा रोधक रिसेप्टर दाखवला. निरोगी अस्तरावर असलेली आणि गाठीने गमावलेली एखादी खूण सापडली, तर अस्तर असे वाचवता येईल.

यातली मर्यादाही सांगते, कारण प्रस्तावांमध्ये ती लपवली जाते. सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रात शिवानी श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवले, की दोन खुणांची अट घातलेल्या टी-पेशी निरोगी ऊतींपासून दूर असलेल्या गाठीवर चांगले काम करतात. पण गाठ आणि दुसरी खूण असलेल्या निरोगी पेशी एकाच जागी मिसळलेल्या असतील, तर गाठीत जागी झालेली टी-पेशी शेजारच्या निरोगी पेशीलाही मारते. तोंडाच्या कर्करोगात तर अस्तर गाठीला लागूनच असते. म्हणून मेंदूच्या गाठीसाठी केलेली जोडी आयती उचलून गालात चालणार नाही. कोणत्या दोन खुणा, कोणत्या क्रमाने, आणि तिसरी रोधक खूण कोणती, हे आपल्या रुग्णांच्या ऊती पाहूनच ठरवावे लागेल.

इथे विभागाच्याच एका जुन्या कामाची आठवण करून देते. आंतरराष्ट्रीय कर्करोग जनुक प्रकल्पात भारताने गाल-हिरडीचा कर्करोग निवडला होता. कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि अॅक्ट्रेक यांनी मिळून तो अभ्यास केला. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा कळले की टीपी५३, कॅस्पेस-८, फॅट-१ यांसारखी जनुके इतर देशांतल्या डोके-मानेच्या कर्करोगांप्रमाणे इथेही बिघडतात, पण यूएसपी९एक्स आणि एआरआयडी२ सारखे काही बदल या गाठीचे स्वतःचे आहेत. उत्तम काम. फक्त यातली बहुतेक प्रथिने पेशीच्या आत असतात, आणि कार रिसेप्टर पेशीच्या आत डोकावू शकत नाही. तो पृष्ठभाग पाहतो. जनुकांची यादी आपल्याकडे आहे, पृष्ठभागाचा नकाशा हवा आहे. गाठीचा, आणि तेवढ्याच काळजीने त्या रुग्णाच्या निरोगी गाल, जीभ, अन्ननलिका, कातडी, फुफ्फुस यांचाही. निरोगी ऊतींच्या नकाशात चमकदार शोधनिबंध निघत नाहीत, म्हणून असे प्रस्ताव 'नावीन्य कमी' असा शेरा मारून परत येतात. हा शेरा मारण्याआधी हर-२ च्या त्या रुग्णाचा विचार व्हावा. रुग्णाचा जीव निरोगी ऊतींच्या नकाशावरच अवलंबून असतो.

दुसरा देश हे करून देणार नाही असे वर म्हटले, त्याचे कारण साधे आहे. अमेरिका-युरोपात डोके-मानेच्या कर्करोगात घशातल्या, एचपीव्ही विषाणूमुळे होणाऱ्या गाठींचा मोठा वाटा आहे. विषाणूची प्रथिने परकी, त्यामुळे ओळखायला सोपी. तिथल्या टी-पेशींचे संशोधन साहजिकच तिकडे वळले. आपल्या गाल-हिरडीच्या गाठी प्रामुख्याने तंबाखू-सुपारीच्या, त्यांत ती सोय नाही. ग्लोबोकॅन या जागतिक कर्करोग-आकडेवारीच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात ओठ-तोंडाच्या कर्करोगाचे वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण होते. रुग्णसंख्येने पाहिले तर जगात हा रोग सर्वांत जास्त आपल्याकडे आहे आणि ज्यांना तो होतो त्यांच्याकडे पैसा नाही. कंपन्या मायलोमासारख्या रक्ताच्या कर्करोगाकडे वळतात ते त्यांच्या हिशेबाने बरोबरच आहे. आपला हिशेब वेगळा असायला हवा.

आधी तंबाखू थांबवा, मग महागड्या पेशी बनवा, असे अनेक जण म्हणतील. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. ती कडक व्हावी, मावा आणि मिश्रीही सुटावी, यासाठी मी बोलत असते आणि बोलत राहीन. पण आज ज्यांच्या गालात जखम आहे त्यांनी तंबाखू वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सुरू केली होती. ती आज सगळीकडे बंद झाली तरी पुढची अनेक वर्षे या स्लाइड माझ्याकडे येणारच आहेत.

आता बंद करण्याच्या कळीबद्दल. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात ती चैन वाटू शकेल, आमच्याकडे ती पहिली गरज आहे. कार-टी दिल्यावर पहिल्या काही आठवड्यांत टी-पेशी भडकल्या तर ताप चढतो, रक्तदाब पडतो, काहींचे भान हरपते. रुग्ण जत किंवा आटपाडीचा असेल आणि रात्री दोनला ताप आला, तर त्याला अतिदक्षता विभागापर्यंत आणण्यातच काही तास जातात. ह्यूस्टनमध्ये २०११ साली दाखवले गेले होते, की टी-पेशीत आधीच बसवलेले आत्मघाताचे जनुक एका औषधाने चालू केले तर अर्ध्या तासात ९० टक्क्यांहून जास्त पेशी नाहीशा होतात. तिथे वापरलेले ते औषध मात्र औषधाच्या दुकानात मिळणारे नव्हते. मला यापेक्षा वेगळा रस्ता आपल्या देशासाठी योग्य वाटतो. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले की डॅसाटिनिब ही रक्ताच्या कर्करोगाची गोळी कार-टी पेशींना तात्पुरते थांबवते, आणि गोळी बंद केली की त्या पुन्हा कामाला लागतात. २०२१ मध्ये अमेरिकेत लेनॅलिडोमाइडने चालू किंवा बंद होणारे कार रिसेप्टर तयार झाले. या दोन्ही गोळ्या भारतीय कंपन्या बनवतात, तालुक्याच्या गावीही मागवता येतात. तेव्हा विभागाने अट घालावी : आपल्या पैशातून होणाऱ्या प्रत्येक नव्या रिसेप्टरात पहिल्या आराखड्यापासूनच थांबवण्याची सोय असेल, आणि ती भारतात स्वस्तात मिळणाऱ्या औषधावर चालेल. मागाहून ही सोय बसवायची म्हणजे रिसेप्टरचे जनुक टी-पेशीत नेणारा विषाणू-वाहक नव्याने बनवा, सुरक्षिततेच्या चाचण्या नव्याने करा, असे होऊन बसते.

वाहकाचा प्रश्नही छोटा नाही. विद्यापीठातल्या एखाद्या गटाने उत्तम रिसेप्टर बनवला तरी माणसात वापरण्याच्या दर्जाचा लेंटिव्हायरस, म्हणजे असा वाहक विषाणू, बनवायला त्याच्याकडे जागा नसते, आणि काम उंदरावर थांबते. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या बायोई-३ धोरणात अचूक जैवचिकित्सा हा विषय आहे, जैव-निर्मिती केंद्रेही आहेत. त्यातल्या एका केंद्रात विद्यापीठांच्या गटांसाठी सामाईक वाहक-निर्मितीची सोय राखून ठेवावी.

किमतीचे थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे संरक्षण आहे. ३० लाखांच्या उपचारापुढे ते कितीसे पुरणार? सार्वजनिक निधीतून जन्मलेल्या रिसेप्टरचा परवाना कंपनीला देताना सरकारी रुग्णालयांसाठी वेगळा दर करारातच लिहावा, मान्यता मिळाल्यावर विनंत्या करत बसू नये. आणि जनुक बदललेल्या पेशी शरीरात वर्षानुवर्षे राहतात, म्हणून रुग्णांवर १५ वर्षे लक्ष ठेवण्याचा खर्चही पहिल्याच मंजुरीत धरावा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२४ मध्ये कार-टीनंतर क्वचित टी-पेशींचाच कर्करोग होऊ शकतो असा इशारा छापायला लावला. आपल्या रुग्णांमध्ये असे काही झाले तर ते आपल्याला कळायला हवे.

राहिला नमुन्यांचा प्रश्न, आणि त्यात आम्ही जिल्ह्यातले पॅथॉलॉजिस्ट उपयोगी पडू शकतो. आमच्याकडे येणारा तुकडा फॉर्मेलिनमध्ये बुडूनच येतो. त्यात पेशींची ठेवण टिकते, पण पृष्ठभागावरची पुष्कळ प्रथिने अँटिबॉडीला ओळखू येईनाशी होतात. ताजा तुकडा लगेच गोठवला तर काम होते. त्यासाठी लिक्विड नायट्रोजन लागतो, आणि तो ग्रामीण महाराष्ट्राला नवा नाही. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यांत त्याची भांडी असतात, ती भरण्याची व्यवस्था वर्षानुवर्षे चालू आहे. पशुसंवर्धन खात्याशी बोलून कर्करोगाची ऑपरेशन करणाऱ्या जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयांना याच फेऱ्यांतून एक-एक भांडे भरून मिळाले, तर गाठीचा एक आणि दूरच्या निरोगी अस्तराचा एक असे दोन तुकडे ऑपरेशन थिएटरच्या दारातच गोठवता येतील. संमतीपत्र मराठीत असावे, रुग्णाला बसून समजावून सांगावे, आणि त्याच्या ऊतीतून पुढे काही निष्पन्न झाले तर त्याला कळवण्याची तरतूद त्यात असावी. असे पत्र लिहून द्यायला आणि पहिले नमुने पाठवायला माझी तयारी आहे. आमच्या भागातल्या आणखी काही सहकाऱ्यांशी मी बोलले आहे, त्यांचीही आहे. प्रस्ताव मागवताना जिल्हा रुग्णालयांना भागीदार म्हणून अर्ज करता येईल एवढी एक ओळ नियमांत घालावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
तोंडाच्या कर्करोगाच्या स्लाइड रोज वाचणारी एक पॅथॉलॉजिस्ट
जिल्हा सांगली